दोन उस्ताद आणि एक जाम ड्रम

जुन्या गाडीच्या मागच्या चाकाचा ब्रेक-ड्रम जाम होणं ही आमच्या यवतमाळ जिल्ह्यात दर वर्षीची गोष्ट आहे. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदण रस्त्यावर चारचाकी घालायची कुणाची हिंमत होत नाही. मग जुनी कमांडर, ट्रॅक्स, एखादी पिकअप, नाहीतर कुणाची मारुती ८०० तीन-चार महिने गोठ्याशेजारी हँडब्रेक ओढून उभी राहते. दसऱ्याच्या सुमारास कापूस वेचणीला येतो, गाडीची गरज पडते आणि गाडी जागची हलत नाही. धक्का मारला तर मागचं एक चाक फिरण्याऐवजी मातीत रेघ ओढत फरफटतं. मालक आधी शिव्या घालतो, मग घन शोधतो, आणि शेवटी दिग्रस, आर्णी, पुसद, उमरखेड, पांढरकवडा जे जवळ असेल तिथल्या मिस्त्रीला फोन लावतो.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. ब्रेकवर लिहिण्याचा मला काय अधिकार, असं कुणी विचारेल. माझा संबंध एवढाच की, त्या ड्रमखाली जो पोरगा आडवा पडलेला असतो तो बहुतेक वेळा आमच्याच शाळेतून गेलेला असतो. दहावीच्या आधी गेलेला, किंवा दहावीत अडकून गेलेला. आमच्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढे शेरा असतो आणि आमच्या बोलण्यात एक वाक्य असतं, 'पढाई में दिल नहीं था, गॅरेजमध्ये बसला.' या वाक्यावर मला आज बोलायचं आहे, आणि त्या ड्रममधून निघणाऱ्या धुळीवरही.

आधी त्या पोराला काय येतं ते पाहू. जाम झालेला ड्रम काढणं हे ताकदीचं काम वाटतं, पण ते मुळात विचाराचं काम आहे. ड्रम म्हणजे बिडाचं एक उलटं भांडं. ते चाकाबरोबर फिरतं. आत अर्धचंद्राच्या आकाराचे दोन शू असतात आणि त्यांच्या पाठीवर लायनर चिकटवलेलं किंवा रिबिटांनी बसवलेलं असतं. पायडल दाबलं की व्हील सिलिंडरचे दट्टे शूंना बाहेर ढकलतात, लायनर ड्रमच्या आतल्या भिंतीला घासतं आणि चाक थांबतं. हँडब्रेक हेच काम केबलने करतो. रचना जुनी आहे. तिचं श्रेय फ्रान्सच्या लुई रेनोला देतात, ते १९०२ सालचं. सव्वाशे वर्षं होत आली, तरी आजही आपल्याकडच्या स्वस्त गाड्यांच्या मागच्या चाकांत ड्रमच असतो.

आता हा ड्रम निघत नाही म्हणजे नेमकं काय झालं? चांगला मिस्त्री हातोडी उचलण्याआधी हा प्रश्न विचारतो. हँडब्रेक सोडूनही चाक अजिबात फिरत नसेल तर एकतर लायनर ड्रमच्या भिंतीला गंजाने धरलंय, नाहीतर हँडब्रेकची केबल तिच्या नळीत जकडलीय, नाहीतर सिलिंडरचा दट्टा आत परतत नाही. चाक फिरतं पण ड्रम बाहेर येत नसेल तर रोग वेगळा. मग एक शक्यता अशी की ड्रम मधल्या हबच्या कडेवर गंजून बसलाय. लोखंड गंजतं तेव्हा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे केसाएवढी फट भरून जाते आणि दोन भाग एक होतात. दुसरी शक्यता अशी की वर्षानुवर्षं घासून ड्रमच्या आत खोबण पडलीय आणि बाहेरच्या कडेला न घासलेला ओठ शिल्लक राहिलाय. ड्रम ओढला की शू त्या ओठाला अडकतात. इथे कितीही ठोका, काही उपयोग नाही, कारण आतून कडी लागलेली आहे.

म्हणून उपायही वेगवेगळे. हँडब्रेक सोडायचाच असतो, आणि तो सोडला की गाडी घरंगळू शकते, म्हणून आधी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावायचे. जॅकने गाडी उचलायची, पण जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. एक्सलखाली स्टँड द्यायचा. शू ओठाला अडकले असतील तर मागच्या पत्र्यावरचं रबरी बूच काढून, आतल्या अ‍ॅडजस्टरची दातेरी चकती स्क्रू-ड्रायव्हरने उलटी फिरवून शू आत घ्यायचे. दट्टा अडकला असेल तर हवा काढायचा निपल उघडून दाब सोडून पाहायचा. हबच्या कडेवर गंज असेल तर तारेच्या ब्रशने घासून तेल सोडायचं आणि थांबायचं. 'त्याला तेल पिऊ दे' असं मिस्त्री म्हणतात, आणि रात्रभर पिऊ देतात. मग ड्रमच्या तोंडावर, नटांच्या मधल्या जागेत, फिरून फिरून हलके ठोके. कडेवर ठोका मारायचा नाही, कारण बीड वाकत नाही, तुटतं. पुष्कळ ड्रमांच्या तोंडावर आटे पाडलेली दोन रिकामी छिद्रं असतात. त्यांत दोन बोल्ट घालून एकदा हा, एकदा तो, असे पाव-पाव फेरा आवळत गेलं की ड्रम सरळ बाहेर येतो. एकच बोल्ट आवळत सुटलं तर ड्रम तिरका होऊन आणखी पक्का बसतो. गॅस मारून तापवणं हा शेवटचा उपाय, तोही नुकतंच तेल सोडलेलं नसताना, कारण आत रबर आहे, ग्रीस आहे, ब्रेक-ऑइल आहे, आणि यातलं प्रत्येक पेट घेऊ शकतं.

हे सगळं मी इतक्या तपशिलाने का लिहिलं? कारण वर्गात आम्ही जे शिकवल्याचा दावा करतो ते हेच आहे. लक्षण पाहून कारण शोधणं, एकेक शक्यता बाद करत जाणं, धातूचे गुणधर्म ओळखणं, घाई न करणं. बी.एड.ला आम्हाला याची मोठमोठी नावं पाठ करायला लावली होती. तो पोरगा ती नावं न घेता रोज हेच करतो, आणि आम्ही त्याला 'पढाई छोड़ दी' म्हणतो.

भाषेचा शिक्षक म्हणून मला एक गंमत नेहमी जाणवते. उर्दू शाळेत शिक्षकाला उस्ताद म्हणतात आणि गॅरेजमध्ये हेड मिस्त्रीलाही उस्ताद म्हणतात. मराठीने त्याच शब्दाचा वस्ताद केला आणि तालमीत, तमाशात, गॅरेजात सगळीकडे वापरला. 'मिस्त्री' हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आलेला, आणि त्याचाही अर्थ गुरू, मास्तर. म्हणजे भाषेने या दोघांत कधी भेद केला नव्हता. भेद आम्ही केला. एकाला पगार, पेन्शन आणि सप्टेंबरमध्ये फुलांचा गुच्छ. दुसऱ्याला 'अरे, ए मिस्त्री'.

आपल्या समाजात तर हा भेद करायला जागाच नको होती. कुरआनातल्या एका सूरहचं नावच 'अल-हदीद', म्हणजे लोखंड. हजरत दाऊद (अलैहिस्सलाम) यांच्यासाठी लोखंड मऊ केलं गेलं आणि ते चिलखतं घडवत, हे आपण मुलांना मकतबात सांगतो. ते स्वतःच्या हाताच्या कमाईचं खात, हे हदीसमधून सांगतो. मग त्याच मुलाचे हात काळे झाले की आपल्या मुलीचं स्थळ म्हणून त्याचं नाव काढायला कचरतो.

आणि ही काही दोन-चार घरांची बाब नाही. सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. त्यात मुस्लिमांचा मोठा वाटा स्वतःच्या छोट्या धंद्यांत असल्याचं नोंदलेलं आहे आणि त्या धंद्यांत वाहनदुरुस्ती ठळकपणे आहे. अहवालावर आपण खूप बोललो, आरक्षणावर बोललो, नोकऱ्यांतल्या टक्क्यावर बोललो. ते बोलायलाच हवं. पण ज्या धंद्यावर इतक्या घरांची चूल पेटते, त्या धंद्यातल्या माणसाचं ज्ञान, त्याचा पगार, त्याचं आरोग्य यावर आपल्या जलशांत, बैठकांत, लेखांत कितीदा बोलणं झालं?

आरोग्याचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तोच सर्वांत निकडीचा आहे. ड्रम निघाला की आत काळपट-राखाडी भुकटी भरलेली असते. ती झिजलेल्या लायनरची आणि ड्रमच्या लोखंडाची. इथे आपल्याकडची सर्वत्र चालणारी पद्धत काय? कंप्रेसरची नळी घ्यायची आणि हवा मारायची. एका सेकंदात ड्रम स्वच्छ. भुकटीचा ढग पोराच्या तोंडावर, केसांत, कपड्यांत, शेजारच्या चहाच्या ग्लासात. कंप्रेसर नसेल तर फुंकर मारायची, म्हणजे तोंड आणखी जवळ.

जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस वापरत असत, कारण ते उष्णता सहन करतं. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक असतात आणि फुप्फुसात गेले की तिथेच राहतात. अ‍ॅस्बेस्टोसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा नावाचा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग हे त्यातून होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळे प्रकार कर्करोगकारक ठरवले आहेत. युरोपीय संघात २००५ पासून त्यावर बंदी आहे. अमेरिकेने मार्च २०२४ मध्ये क्रायसोटाइल अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदीचा नियम काढला, त्यात वाहनांच्या ब्रेकचा स्पष्ट उल्लेख आहे. भारतात अ‍ॅस्बेस्टॉसचं खाणकाम बंद आहे, पण ते परदेशातून आणून वापरायला पूर्ण बंदी नाही. आता पुष्कळ लायनरांच्या पाकिटांवर 'अ‍ॅस्बेस्टॉस फ्री' असं छापलेलं असतं. पण पंचवीस वर्षांच्या गाडीत कुणी कधी कोणतं लायनर बसवलं हे नुसतं पाहून कुणालाही सांगता येत नाही. जुन्या गाड्या आमच्याच जिल्ह्यांत येऊन संपतात, म्हणून जुनी धूळही आमच्याच वाट्याला येते.

'आजपर्यंत तर काही झालं नाही,' हे उत्तर मी खूपदा ऐकलं आहे. या आजाराची खोड अशी की तो बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी उगवतो. पंधराव्या वर्षी हवा मारणारा पोरगा पंचेचाळिशीत दमायला लागतो. तेव्हा आपण त्याच्या बिडीला दोष देतो, टीबीचा संशय घेतो, पण लहानपणी तू काय काम करायचास हे त्याला कुणी विचारत नाही. शिवाय ही धूळ गॅरेजातच राहत नाही. कामाच्या कपड्यांवरून ती घरी जाते, आणि कपडे झटकून धुणाऱ्या बायकांना हे आजार झाल्याची नोंद जगभर आहे. म्हणजे धोका त्याच्या आईलाही आहे.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात निकाल दिला. कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं त्यात म्हटलं, आणि अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांनी प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं, किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यांपैकी जे उशिराचं असेल तोवर ठेवावी असा आदेश दिला. चाळीस वर्षं. आमच्या नाक्यावरच्या गॅरेजातल्या पोराची चाळीस दिवसांचीही नोंद कुठे नसते. कागदावर तो तिथे नाहीच. बालमजुरीचा १९८६ चा कायदा २०१६ साली सुधारला. त्याप्रमाणे चौदाच्या आतल्या मुलाला कामावर ठेवता येत नाही आणि चौदा ते अठरामधल्यांना धोक्याच्या कामावर लावता येत नाही. घरचा धंदा असेल तर शाळेबाहेरच्या वेळात मदतीची सवलत आहे, आणि आमच्याकडे प्रत्येक पोरगा विचारलं की मिस्त्रीचा भाचाच निघतो.

यावर उपाय महाग आहे का? नाही. एक फवारणीची बाटली, पाणी आणि चिमूटभर साबणाची पूड. ड्रम किंचित सुटला की फटीतून फवारा मारायचा, भुकटीचा चिखल होऊ द्यायचा, खाली घमेलं ठेवून तो धरायचा, ओल्या फडक्याने पुसायचं आणि फडकं व चिखल पिशवीत बांधून टाकायचा. कोरडा झाडू नाही, फुंकर नाही, हवा नाही. अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा नियमांतही ब्रेकच्या कामाला ओली पद्धत मान्य आहे आणि नुसती हवा मारून सफाई करायला मनाई आहे. कामाचा शर्ट गॅरेजातच ठेवायचा आणि घरी जाताना बदलायचा. तोंडावर बांधलेला रुमाल इतके बारीक तंतू अडवत नाही, म्हणून पाणी हाच मुख्य उपाय.

मग हे होत का नाही? मिस्त्री निष्काळजी आहे म्हणून नाही. जो माणूस ड्रम फुटू नये म्हणून रात्रभर थांबतो तो निष्काळजी कसा? तुमची गाडी तो अमानत समजतो. ड्रमचा जास्तीत जास्त व्यास ड्रमवरच कोरलेला असतो आणि त्यापुढे लेथवर कातला तर तो धोक्याचा, हे सांगून तो गिऱ्हाईक परत पाठवतो. ब्रेकमध्ये इंजिन ऑइल घातलं तर रबर फुगतं हे त्याला पक्कं माहीत आहे, कारण त्याने ते फुगलेलं पाहिलं आहे. जे डोळ्यांना दिसतं ते सगळं त्याला त्याच्या उस्तादाने शिकवलं. धुळीतला तंतू दिसत नाही आणि त्याचा परिणाम तीस वर्षांनी येतो, म्हणून तो कुठल्याही उस्तादाला पाहून शिकवता येत नाही. अशी गोष्ट फक्त लिहूनच एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते. आणि लिहिलेलं आहे ते इंग्रजीत, पाकिटाच्या मागे, मुंगीएवढ्या अक्षरात.

इथे आम्हा दुसऱ्या उस्तादांची जबाबदारी सुरू होते. हाताची विद्या आणि अक्षरांची विद्या एकत्र शिकवावी, तीही मुलाच्या मातृभाषेत, हा विचार आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात मांडला गेला होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि योजना तयार करण्यासाठी जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, पुढे राष्ट्रपती झालेले. वर्धा योजना म्हणून ती इतिहासात गेली. चरखा आणि तकली त्यातून लोकांच्या लक्षात राहिली, पण मूळ मुद्दा होता कामातून शिकणं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना, गावातल्या कारागिरांकडे पाठवण्याची सूचना आहे. कारागिरांत मिस्त्री येत नाही का?

आमच्या शाळांनी काय करावं, ते मी साधं सांगतो. एक: गॅरेजची भिंत हा फळा समजून एक पानाचा तक्ता करायचा, मराठीत आणि उर्दूत, मोठ्या अक्षरात. पुढच्या चाकांना दगड, जॅकसोबत स्टँड, ड्रमला पाणी, हवा बंद, शर्ट गॅरेजात. नववीच्या वर्गाने तो लिहावा आणि मिस्त्रीने तपासावा. निबंधलेखनाचा याहून चांगला विषय मला तरी सुचत नाही. दोन: मिस्त्रीला शाळेत बोलवायचं आणि खुर्ची द्यायची. उष्णतेने धातू प्रसरण पावतो हा धडा त्याच्या हातून होऊ द्यायचा. तीन: जो पोरगा गॅरेजकडे झुकलाय त्याला हिणवायचं नाही आणि सोडायचंही नाही. दहावी झाली तर आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स त्याला खुला होतो. दहावीला अडकला तर त्याला त्याच्याच कामातून, स्पेअर पार्टच्या बिलातून, गणिताकडे परत आणता येतं. चार: जे वीस-वीस वर्षं काम करताहेत त्यांच्यासाठी २०१५ पासून कौशल्य विकास योजनेत आधीच्या अनुभवाला प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. तो फॉर्म भरून द्यायला एक शिक्षक आणि एक रविवार पुरेसा आहे.

आणि गाडीच्या मालकांनो, तुम्हालाही सांगायचं आहे. 'लायनर घासून भागव, एकाच चाकाचं बदल, तासाभरात दे' हा घासाघिशीचा सूर तुमचा असतो. एका बाजूचं लायनर बदललं आणि दुसरं जुनंच ठेवलं तर ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढते. पुसदकडच्या घाटात, मागे कापूस लादलेला असताना, पन्नास रुपयांची ती घासाघीस किती महाग पडेल याचा हिशेब करा. मिस्त्री तेल पिऊ देण्यासाठी एक रात्र मागत असेल तर द्या. तो पाणी फवारण्यात दहा मिनिटं जास्त घालवत असेल तर घड्याळ पाहू नका.

आपण तालीम, तालीम म्हणत आलो आणि तालीम म्हणजे फक्त पुस्तक असं धरून बसलो. पुस्तक हवंच, ते नसल्यामुळेच ही पोरं धूळ गिळताहेत. पण पुस्तकवाल्यांनी गॅरेजपर्यंत चालत जायला हवं. येत्या दसऱ्याला गाड्या पुन्हा जाम होतील. त्याआधी आपापल्या गावातल्या एका गॅरेजात तो तक्ता लागला आणि एका नळाला फवारणीची बाटली टांगली गेली, तरी निदान एका पोराच्या फुप्फुसाची सोय झाली म्हणायची.